नवसाची वेणी

केस गळाले म्हणून कुणी मरत नाही. हे वाक्य वर्षभरात मला इतक्या जणांनी ऐकवलंय, की समोरच्यानं "केस काय..." म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करते. खरंच आहे ते. दाढ दुखून तरी कुठे कुणी मरतं? पण गाल धरून बसलेल्या माणसाला असं सांगायला कुणी जात नाही. केस गेलेल्या बाईला मात्र येणारा-जाणारा सांगतो. ज्या बायका सध्या हे वाक्य निमूट ऐकून घेताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. औषधांची नावं मला विचारू नका आणि कांद्याच्या रसाचं तर नावही काढू नका. धीर देता येईल की नाही माहीत नाही. घडलं ते सांगते.

मी पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माहेर करंज्याचं, सासर बेलपाड्याचं. नवरा निलेश, एकच मुलगी ऋतुजा, ती नववीत. आणि निलेशची आई. त्यांना मीही आईच म्हणते. त्या बेलपाड्याला राहायच्या, चारी बाजूंनी खारघरचे टॉवर उभे राहिलेत त्या गावठाणातल्या घरात. आमच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमायचा नाही. "खिरकीतून बगला का दुसऱ्याची खिरकीच दिसते," म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरायच्या.

माझी वेणी कमरेच्या खाली यायची. लग्नात खोपा बांधायला आलेल्या बाईनं सोबत गंगावन आणलं होतं, म्हणजे केस कमी असलेल्या नवरीच्या केसांत गुंफायचे खोटे केस. माझे केस मोकळे केल्यावर तिनं ते पिशवीतून बाहेरच काढलं नाही. ही गोष्ट माझ्या आईनं पुढे कित्येक वर्षं करंज्याच्या बंदरावर मासळी घ्यायला आलेल्या प्रत्येक बाईला सांगितली. मी वरवर "पुरे गं" म्हणायचे, आणि आतून फुगायचे. दिसायला मी चारचौघींसारखी. वेणी तेवढी माझी होती.

ताप

गणपती तोंडावर आले होते, मखराचं सामान बाहेरच्या खोलीत पसरलेलं होतं आणि मला ताप भरला. दोन दिवस गोळ्या घेऊन शाळेत गेले. तिसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना अक्षरं तिरकी व्हायला लागली. डेंग्यू निघाला. समोरच्या बांधकामाच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठून होतं, आमच्या गल्लीत त्या महिन्यात कुणी ना कुणी अॅडमिट होतंच.

हॉस्पिटलमधलं सगळं सलग आठवत नाही. सकाळी रक्त घ्यायला येणारी सिस्टर आठवते, दुपारी येणारा प्लेटलेटचा आकडा आठवतो. तो आकडा मला कुणी सांगायचं नाही. निलेशच्या चेहऱ्यावर मी तो वाचायचे. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा मी चूळ भरून बेसिन धुऊन टाकलं, म्हणजे ऋतुजाला दिसायला नको. मरणाची भीती मला पहिल्यांदा वाटली ती त्या पांढऱ्या बेसिनपाशी.

आई बेलपाड्याहून आल्या आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या त्या बसल्याच. निलेश म्हणाला, "आये, तू घरी जा, मी थांबतो." त्यांनी मान हलवली आणि जागा सोडली नाही. मी नको म्हटलं तरी रोज माझे केस विंचरायच्या. "जटा व्हतील," म्हणायच्या. वेणी घालून ती उशीवरून पुढे सोडायच्या, पाठीखाली चुरगळू नये म्हणून.

आकडा सगळ्यात खाली गेला त्या दुपारी मी डोळे उघडले तर आईंनी माझ्या वेणीचं टोक दोन्ही हातांनी कपाळाला लावलं होतं आणि त्या पुटपुटत होत्या. प्रार्थना करत असतील असं वाटलं. मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी आकडा वर सरकला. डॉक्टर म्हणाले, आता उतार पडेल. आईंनी डॉक्टरांना सोडून छताकडे बघून हात जोडले.

घरी

घरी आले तेव्हा गौरी उठून गेल्या होत्या. भिंतीला धरून चालत होते. आई म्हणाल्या, "तुज्या हातांत जोर येतो तवर मी रातंय." त्या राहिल्या, आणि पिशवी भरायचं नाव काढेनात.

हातांत जोर यायची वाट बघायला वेळ नव्हता. निलेश उरणकडच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. तिथला कंत्राटदार बदलला आणि जुन्या माणसांना उद्यापासून येऊ नका म्हणून फोनवर सांगितलं. निलेश घरी बसला. घरी बसलेला नवरा आणि बंद पडलेलं घड्याळ, दोघांकडे बघवत नाही. मी शाळा सुरू केली, शिवाय संध्याकाळी दहावीच्या दोन बॅच घेतल्या. शाळेत जिना चढून वर्गात गेले की आधी खुर्ची धरायची, मग हजेरी घ्यायची. कुणी विचारलं की म्हणायचे, "एकदम मस्त."

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली. आणि एक दिवस आंघोळ करताना पायाशी पाणी तुंबलं. मला वाटलं, साबणाची चकती अडकली असेल. वाकून जाळीवर हात घातला तर मूठभर केस वर आले. ते टाकले, पुन्हा हात घातला. पुन्हा तेवढेच. मी दुसऱ्या हातानं डोक्याला स्पर्श केला आणि त्या हाताला आणखी चिकटून आले.

मग ते सगळीकडे दिसायला लागले. उशीवर, गाऊनवर, विद्यार्थ्यांच्या वह्यांत. निलेशच्या आमटीत निघाला, त्यानं काही न बोलता बोटानं बाजूला काढला. पुन्हा निघाला तेव्हा ताट सरकवून उठला. तो चिडला असता तरी चाललं असतं. मी डोक्याला फडकं बांधून पोळ्या लाटायला लागले. फडकं सोडलं की त्यात केस असायचेच.

आई हे सगळं बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्याच सुमारास त्यांनी मासळी सोडली. आगऱ्याच्या घरात जन्मलेली बाई, बोंबलाशिवाय जिचा घास उतरत नाही, ती म्हणायला लागली, "मना नको. वशाट नको वाटते आता." वय झालं, मी समजले. माझंच डोकं जागेवर नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला बरी वाटायची. मोरीची जाळी. आंघोळीनंतर त्यात अडकलेले केस उचलायचं मला धाडस व्हायचं नाही, तशीच बाहेर यायचे. नंतर जाऊन बघावं तर जाळी स्वच्छ. निलेश करत असणार. बोलत नाही, पण करतो, असं म्हणून मी त्याची आमटी माफ केली.

निदान

त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझ्या केसांची एक बट दोन बोटांत धरून हलकेच ओढली. बट त्यांच्या हातात राहिली. माझ्या आधीच्या कितीतरी जणींना त्यांनी असंच केलं असेल, पण त्यांनी ते केस लगेच कचऱ्यात टाकले नाहीत, टेबलावर कागदावर ठेवले. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

"मागे कधी मोठा ताप आला होता?"

"गणपतीच्या आधी. डेंग्यू."

"म्हणजे तीन महिने होत आले. बरोबर आहे मग." त्या म्हणाल्या की शरीरावर मोठं संकट आलं की ते केसांचं काम थांबवतं, पण केस लगेच पडत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी पडतात. "तुमचे केस तापातच गेले होते. पडताहेत आता."

विज्ञानाची बाई मी. कारण मिळालं की निम्मं दुखणं गेलं, असं वर्गात सांगणारी. मला खरोखर हायसं वाटलं. मग त्यांनी दिवा जवळ ओढला, मागचे केस वेगळे केले. आरसा मागे धरून मला दाखवलं. रुपयाच्या नाण्याएवढे दोन गोल चट्टे, अगदी गुळगुळीत.

"हे तापाचं नाही. हे वेगळं आहे. घरी काही टेन्शन?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"तापानं गेलेले बहुतेक परत येतील. या चट्ट्यांचं मी लिहून देऊ शकत नाही. एक भरतो, दुसरा येतो, असंही होतं."

घरी येऊन तापाचं सगळ्यांना सांगितलं. चट्ट्यांचं फक्त निलेशला. तो म्हणाला, "विग घेऊ या ना चांगला." त्याला मदतच करायची होती, मला कळत होतं. तरी मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. ऋतुजा म्हणाली, "मम्मी, ओपन हाउसला पप्पांना पाठवशील?" मी बरं म्हटलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले. चौदा वर्षांच्या मुलीला आईची लाज वाटू शकते, हे मीच पालकसभेत दुसऱ्यांना समजावून सांगत आलेय. स्वतःला समजावता आलं नाही.

हळद

बेलपाड्याला निलेशच्या चुलतभावाच्या मुलीची हळद होती. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. पिवळ्या साड्या, डीजे, आणि प्रत्येकीच्या केसांत फुलांची वेणी. जायचं नव्हतं मला. पण न जावं तर चार तोंडं चार कारणं काढणार. उरलेल्या केसांचा मी लिंबाएवढा अंबाडा बांधला, वरून पदर घेतला. एका जावेनं हौसेनं माझ्याही डोक्यात फुलं माळली, दोन पिना जास्त लावल्या.

सवाष्णींत माझा नंबर आला. नवरीच्या गालाला हळद लावायला मी वाकले आणि फुलांची वेणी घसरून हळदीच्या ताटात पडली. पिनांना केसांचा पुंजका लटकत होता.

डीजे चालूच होता, त्यामुळे कुणी काय म्हणालं ते ऐकू आलं नाही, फक्त तोंडं हलताना दिसली. निलेशच्या मोठ्या काकींनी ताट उचललं. "तू बस गो बाय, तुला बरा नाय," असं म्हणाल्या, आवाजात राग नव्हता. मग ती हळद मागच्या दारी टाकून दिली आणि दुसरी कालवली. पाण्याचा ग्लास घेऊन आलेल्या बाईनं माझ्या कानाशी वाकून विचारलं, "कॅन्सर हाय का?" मी नाही म्हटलं. माझ्या मांडीवर येऊन बसलेलं आपलं लेकरू तिनं उचलून नेलं.

मी आईंना शोधलं. त्या मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या आणि टाकून दिलेल्या हळदीकडे बघत होत्या. अपमान माझा झाला होता, आणि घाबरल्या होत्या त्या. न जेवता आम्ही दोघी पनवेलला परत आलो. रिक्षेत त्यांनी माझा हात धरून ठेवला, इतका घट्ट की बांगडी रुतली.

डबा

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी निलेशला म्हटलं, "एक सांगू? तू रोज मोरीची जाळी साफ करतोस ना, त्यानं मला फार बरं वाटतं."

"मी? मी नाही करत."

पुढच्या शनिवारी शाळा लवकर सुटली. चावी लावून आत आले. आई गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे, दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. पुढ्यात सूप होतं. सुपात माझे केस होते. धुतलेले, सुकवलेले, लांबीप्रमाणे वेगळे लावलेले. एकेका जुडीला पांढरा दोरा बांधलेला. सुका जवळा निवडावा तशा त्या एकेक केस निवडत होत्या. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा होता, तोही अर्धा भरलेला.

केस घेऊन कोण काय करतं याच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकलेल्या. कितीही पाठ्यपुस्तकं शिकवली तरी त्या क्षणी माझ्या मनात करणीच आली, खोटं कशाला बोलू?

"आई! काय चाललंय हे? मोरीतले केस गोळा करता तुम्ही माझे?"

त्या दचकल्या, सुपावर पदर टाकायला गेल्या, जुड्या लादीवर सांडल्या. "ओरडू नको बाय. तुजेच हायेत. तुजेच देयाचे हायेत."

"कुणाला द्यायचेत?"

"गावदेवीला."

मग त्यांनी सांगितलं, लादीवरच्या जुड्या वेचता वेचता, माझ्याकडे न बघता. "तू दवाखान्यान व्हतीस. डॉक्टर बोलला, आजचा काय सांगता येत नाय. मी तुजी वेनी हातान घेतली नी बोलले, आई, हिला बरी करून घरा धार. दिवालीच्या आत हिची वेनी तुला वाहीन."

"माझी वेणी? मला न विचारता?"

आईंनी पहिल्यांदा वर बघितलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "पोराचा जावल बोलतात, तवा पोराला इचारतात का?"

आमच्यात पोराचं जावळ नवसाचं असतं. देवीपुढे काढेपर्यंत त्याला कात्री लागत नाही. आईंनी मला त्या पोरांत धरलं होतं.

"मग दिवाळीच्या आधी सांगितलं का नाहीत?"

"कसा सांगू? तू आरशासमोर उबी रावून तेल लावायचीस. बोलले, उद्या सांगन. उद्या सांगन, उद्या सांगन करता दिवाली गेली. मंग तिनं सोताच घेयाला सुरवात केली." त्यांचा आवाज फुटला. "नी केस सपले का मंग काय घेल ती? सांग मना. मंग काय घेल?"

मी त्यांच्याजवळ लादीवर बसले. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं कारण पुन्हा नीट सांगितलं, ताप, थांबलेलं काम, तीन महिने. आठवीच्या मुलांना सांगते तसं हळूहळू. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तीन महिने बोलली ना तुजी डॉक्टरीन?" त्या म्हणाल्या. "मी पन तेच बोलतंय."

तीन माणसं

निलेश खवळला. "आये, तू येडी झालीस काय? फेक तो डबा!" मग माझ्याकडे वळून, "आणि तू पण हिच्या नादाला लागू नकोस. सायन्स टीचर ना तू?" आईंनी डबा छातीशी धरला. नोकरी गेल्यापासून निलेश घरात मोठ्यानं बोलला नव्हता. तो सगळा साठलेला आवाज त्या दिवशी म्हातारीवर निघाला.

त्यानंतर घर मुकं झालं. आई डाळभात चिवडायच्या, तेही मी समोर बसले तर. पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं. डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या वाढवल्या आणि विचारलं, "झोपत नाहीत का?" त्या झोपत नव्हत्या. मी शिंकले तरी दारात येऊन उभ्या राहायच्या.

मग मला साधी सर्दी झाली. दुपारी अंगावर पांघरूण घेऊन पडले होते. पायांना काहीतरी लागलं म्हणून बघितलं, तर आई माझ्या पायथ्याशी खाली बसून, पलंगाच्या कडेला डोकं टेकून बोलत होत्या. माझ्याशी नाही. "चूक माजी हाय. हिच्यापासून काय घेव नको. मना ने. मी बसलंय हितं, मना ने."

मला रडू आलं आणि रागही आला. त्या देवीचा, त्या खड्ड्यातल्या डासाचा, यार्डातल्या त्या कंत्राटदाराचा, सगळ्यांचा. माझे केस जात होते ते जात होते. आता ही बाईही माझ्या डोळ्यांसमोर झिजून चालली होती, आणि तिला वाचवायचं औषध माझ्याच डोक्यावर होतं. नवसावर माझा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. पण उरलेली शेपटी सांभाळून मी काय मिळवणार होते? सांभाळत तर होते. दर सकाळी आरशात ती जास्तच बारीक दिसायची, तरी ती आहे एवढ्यावर मी दिवस काढत होते. ती द्यायची म्हणजे आरशात काहीच उरणार नव्हतं. ते परत येतील, असं मला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

मला आई जेवायला हव्या होत्या. मी उठून बसले आणि म्हटलं, "मंगळवारी जाऊ या बेलपाड्याला."

वेणी

देऊळ लहानसं आहे. सकाळी त्याच्यावर शेजारच्या टॉवरची सावली पडते. निलेश येणार नाही म्हणाला होता, पण रिक्षा बोलवायला गेले तर गाडी काढून खाली उभा होता. ऋतुजा मागे बसली, मोबाईलमध्ये डोकं घालून.

गावात सगळ्यांची जावळं काढणारा न्हावी आला. त्याचं आता खारघरला मोठं सलून आहे, तरी या कामाला तो स्वतः येतो. काम ऐकून तो मागे सरला. "काकी, बाईमानसाच्या केसाला मी अशी कात्री लावली नाय कदी."

"थांब जरा," आई त्याला म्हणाल्या. "आजून वेनी जाली नाय."

त्यांनी मला देवळाच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः वरच्या पायरीवर बसल्या. डबा उघडला. माझे उरलेले केस विंचरले, मागचे चट्टे त्यांनी गळालेल्यांतच धरले, तीन पेड केले, आणि प्रत्येक पेडात डब्यातली एकेक जुडी गुंफायला लागल्या. तेव्हा मला कळलं, त्या इतके दिवस गॅलरीत बसून काय करत होत्या. माझ्याच केसांचं गंगावन. पूर्ण वेणी बोलल्या होत्या, म्हणून पूर्ण वेणी द्यायची होती. देवीला उंदराची शेपटी कशी देणार?

वेणी खाली उतरत गेली तसा पाठीवर भार यायला लागला. मानेपाशी, मग खांद्यांमध्ये, मग कमरेशी. कित्येक महिन्यांत विसरलेला भार. डोकं आपोआप किंचित मागे झुकलं, पूर्वी झुकायचं तसं. आईंनी टोकाला लाल रिबीन बांधली आणि म्हणाल्या, "जाली."

"एक फेरी मारते," मी म्हटलं. देवीसाठी नाही. मला चालून बघायचं होतं. देवळाभोवती चालले आणि ती पाठीवर डावी-उजवी हलत राहिली. मागे पावलं वाजली. ऋतुजा होती. तिनं वेणीचं टोक हातात धरलं होतं, लहानपणी बाजारात हरवू नये म्हणून धरायची तसं. मी मागे बघितलं नाही. फेरी लहान आहे त्या देवळाची, लगेच संपली.

न्हाव्यानं वेणी मानेपाशी कापली. कात्रीचा आवाज मोठा येतो, हे सांगून ठेवते. आईंनी ती ताटात घेतली, वर हळदकुंकू वाहिलं आणि आत गेल्या. मी डोक्याला हात लावला. उरलं होतं ते चार ठिकाणी चार झुपके.

"हे पण काढा," मी न्हाव्याला म्हटलं.

वस्तरा फिरायला लागल्यावर निलेश पाठ फिरवून गाडीकडे गेला. नंतर बघितलं तर त्याचे डोळे लाल होते.

त्या संध्याकाळी आईंनी विचारलं, "बोंबील हायेत का घरान?" मी सुके बोंबील भाजले. त्यांनी तांदळाची दीड भाकरी खाल्ली, आणि बसल्या जागी भिंतीला टेकून घोरायला लागल्या.

आता

पुन्हा गणपती जवळ आलेत. समोरची इमारत पुरी झाली, खड्डा बुजला. निलेशला तळोज्याला काम मिळालंय. माझ्या डोक्यावर पुढे आणि वर केस आलेत, मऊ, आखूड. डॉक्टरीणबाई म्हणतात, सांगितलं होतं तसंच झालं. आईही तेच म्हणतात. दोघींना आपापल्या जागी आनंद आहे, मी कुणाच्याच मध्ये पडत नाही.

मागचा एक चट्टा भरला, तिथे पांढरे केस आले. दुसरा भरला नाही. आणि गेल्या महिन्यात मानेच्या वर, डाव्या कानामागे, तिसरा आलाय. पहिल्या दोघांपेक्षा मोठा. निलेश रोज तिथे औषध लावतो आणि तो वाढलाय की नाही हे मला सांगत नाही. त्याच्या चेहऱ्यावर मी आकडा वाचते, जुनी सवय आहे.

शाळेत मी उघड्या डोक्यानं जाते. पोरांनी चार दिवस बघितलं, मग त्यांना त्यांचे उद्योग होते. घरी आले की मात्र रुमाल बांधते. आई विचारतात, "गर्मीन कशाला बांधतेस?" मी म्हणते, पंख्याचा वारा मानेला लागतो.

रोज सकाळी त्यांचा चहा झाला की त्या म्हणतात, "बगू." मी त्यांच्या पुढ्यात खाली बसते. रुमाल कपाळावरून थोडा मागे सरकवते. त्या पुढच्या केसांवरून हात फिरवतात, "आले गो, आले," म्हणतात, आणि मग विचारतात, आज मासळी काय आणतेस. मी मान खाली घालून बसलेली असते, आणि एक हात मागे, रुमालाच्या गाठीवर घट्ट धरलेला असतो.